मालगाडी जाईपर्यंतची कॉलर

आमच्या गौराक्कांना साठ वर्षं पुरी झाली. साठीच्या स्मरणिकेत त्यांच्यावर तूच लिही, असं आमच्या रोजच्या गाडीच्या डब्यातल्या समद्या बायकांनी मला सांगितलं. मला चारचौघांत बोलाय येत न्हाय, शाळाबी नववीतच सुटली. म्हणून घरात बोलते तसंच लिहिते, सांभाळून घ्या.

अक्कांची माझी पहिली गाठ अक्कलकोट रोड स्टेशनात पडली. मी सोलापूरला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात चाचणी द्याय निघाले होते. कॉलर शिवून दाखवायची, जमली तर काम. आमच्या आण्णांची, म्हणजे वडलांची, कंबर गेलेली, घरात दुसरं कमावणारं कुणी न्हाय. अक्का त्याच कारखान्यात कारागीर. "इल्ली बा गं, हिकडं ये, हितं बस," म्हणत त्यांनी पिशवी उचलून खिडकीपाशी जागा दिली.

होटगीच्या अलीकडं आमची गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि उभी केली. मागनं सिमेंटची मालगाडी येत होती, तिला आधी सोडायची होती.

"आल्या बघा सासूबाई," एक बाई म्हणाल्या. "त्या गेल्याबिगर सुनांनी हलायचं न्हाय!"

समद्या हसल्या. मला रडू फुटलं. उशीर झाला की चाचणी गेली.

अक्कांनी विचारलं, "कॉलर येती का?"

"येती. पण टोक गोल हुतंय. कात्रीनं ढोसलं की फाटतंय."

"ढोसतीस कशाला? दुश्मन हाय का ती?" अक्कांनी पिशवीतनं कापडाचे तुकडे आणि सुईदोरा काढला. "शिवताना टोकात दोरा अडकवायचा, उलटवताना हळू वढायचा. आत्ताच शीक, गाडी हलली की सुई बोटात शिरती."

शेजारनं मालगाडी धडधडत चालली होती आणि अक्का माझ्या कानाशी वरडून सांगत होत्या. शेवटचा डबा गेला तवर एक टोक झकास निघालं.

कारखान्यात शिलाईवर देखरेख करणारे मास्तर म्हणाले, "चाचणी झाली. आता पुढच्या सीझनला."

"मास्तर, तुमी घर बांधताय न्हवं? त्याचंच सिमेंट आधी सोडलं आमी," अक्का म्हणाल्या.

मास्तरांना हसू आलं. "पण मशीन रिकामी कुटं हाय?"

"माझ्या मशीनवर बसवा. मी उभी ऱ्हाते."

आमची मजुरी नगावर, मशीन सोडली की तेवढा पैसा बुडाला. तरी अक्का उभ्या ऱ्हायल्या. माझी कॉलर झाली. मास्तरांनी दोन्ही टोकं बोटानं दाबून बघितली.

"कुणी शिकवलं?"

मी अक्कांकडं बघितलं. समद्यांसाठी भांडणाऱ्या अक्का त्या येळी मुद्दाम पंख्याकडं बघत ऱ्हायल्या. मग मलाच बोलावं लागलं.

"अक्कांनी. गाडीत."

काम मिळालं.

अक्कांचा स्वभाव लई मायेचा, पण एका गोष्टीत त्या कडक. एकदा स्टेशनात मालगाडी मधी उभी होती. पलीकडं जायला माणसं डब्याखालनं वाकून निघाली, मीबी वाकले. अक्कांनी मागनं माझी वेणीच धरली. "हजेरी गेली तर जाऊ दे. जिन्यावरनं चल." आमी जिना चढत होतो तवर खाली मालगाडीनं हिसका दिला. सुदैवानं तवा खाली कुणी नव्हतं. अक्कांनी माझी वेणी वरपर्यंत सोडली न्हाय.

आता अक्कांची पोरं म्हणतात, आई, कामाला जाणं-येणं बंद करा. अक्का म्हणतात, "मालगाडी बंद झाली का? मग मी कशी बंद हुईन?"

परवा गाडी अशीच थांबली. एक नवी पोरगी रडाय लागली. अक्कांनी पिशवी उघडली आणि सुई माझ्या हातात दिली. "माझा घसा बसलाय, तू सांग." घसा बसला नव्हता. थोड्या येळापूर्वी तर त्या तिकडच्या बाईशी जागेवरनं भांडत होत्या! मालगाडीच्या आवाजात मी वरडून वरडून सांगितलं. डब्यातल्या बायका बघतच ऱ्हायल्या.

अक्का, तुमाला त्या सासूबाई मालगाडीएवढं लांब आयुष्य मिळू दे. डोळं, गुडघं धड ऱ्हाऊ देत. जिना चढताना आता घाई करू नका. खिडकीची जागा मी धरते, तुमी सावकाश या.