साखरेपायी प्रदक्षिणा

उमरग्यात आमच्या गल्लीतल्या मारुतीला एक म्हातारा रोज सकाळी तासभर प्रदक्षिणा घालायचा. धोतराचा सोगा खोचलेला, पाय अनवाणी, नजर समोर. बायका त्याला मोठा भक्त समजून पाया पडायच्या.

एकदा मी विचारलं, "मामा, नवस हाय का?"

तो न थांबता म्हणाला, "देवापायी न्हाय, साखरेपायी फिरतो म्या. डागदर म्हनला, रोज चाला. रस्त्यानं नुसती ट्रकं. कुठं चालू?"

रस्त्यांचे नकाशे काढणं ही माझी नोकरी. आमच्या रस्त्याच्या नकाशात फूटपाथ होता. गाड्या लावायला जागा हवी, असं साहेब म्हणाले आणि मी तो खोडला. फूटपाथ असता तर म्हातारा चपला घालून चालला असता.

पुढं देवळाच्या फरशीवर त्याच्या तळव्यात काच घुसली. साखरेनं बधिर झालेल्या पायाला ती कळलीच नाही. जखम चिघळत गेली.

परवा तो देवळाच्या पायरीवर बसलेला दिसला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. एक बाई सवयीनं पाया पडायला वाकली. तिचा एक हात पावलावर टेकला, दुसरा तसाच अधांतरी राहिला.