कडक भाकरीवर माझा प्रयोग

आमच्या घरातला धंदा मी एक मिनिट बारा सेकंदांत बुडवला. वेळ अगदी अचूक सांगतोय, कारण व्हिडिओ तेवढाच आहे.

धंदा हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि दिवसभर घरात बसून हिला सूचना देऊ लागलो. तेव्हा स्वतःच्या बचावासाठी हिनं शेजारच्या रजियाभाभीला जोडीला घेतलं आणि दोघींनी कडक भाकरी करायला सुरुवात केली. सोलापुरात भवानी पेठेत आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे, त्यामुळं भागीदारीची बोलणी भिंतीवर थाप मारून व्हायची. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर ठेवून पार कडक करायची. आठवडेच्या आठवडे टिकते. फक्त नीट उचलावी लागते. (मी एकदा मदत म्हणून अख्खा गठ्ठा उचलला होता. तेव्हापासून मला मदत करायला बंदी आहे.)

वर्षभर ओळखीचीच गिऱ्हाइकं होती. मग एके दिवशी कुर्डुवाडीहून जाधवसाहेबांचा फोन आला. रेल्वेतले माणूस, नवं घर बांधलेलं, रविवारी वास्तुशांत. तीनशे भाकरी पाहिजेत! पहिली मोठी ऑर्डर! रजियाभाभीनं त्याच दिवशी पाकिटांवर लावायला लेबलं छापून आणली. 'सुनंदा-रजिया कडक भाकरी', लाल अक्षरांत, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी ठळक. हिनं त्यातलं पहिलं लेबल देवघरात ठेवलं.

"हे एवढं नीट पार पडू दे," ही म्हणाली, "मग बघा, पेठेबाहेर लोक आमचं नाव घेतील की!"

घेतलंही. माझ्यामुळं.

बुधवारी दुपारी मला एक मेसेज आला. 'सावधान! बाजारात प्लास्टिकची भाकरी! पेटवली की भुरूभुरू जळते. आपल्या माणसांचा जीव वाचवा, पुढे पाठवा.' खाली जोडलेले सात हात. कुणी लिहिलं, कुठं घडलं, कुणाला काय झालं, काही पत्ता नाही. आता मी पडलो विज्ञानाचा माणूस. आलेलं तसंच पुढं ढकलणाऱ्यांतला मी नाही. मी आधी खात्री करतो. (इथं हसू नका. हसायची जागा पुढं आहे.)

स्वयंपाकघरात एक बाजारातली भाकरी होती. हिनंच आणली होती, ते लोक किती पातळ थापतात ते बघायला. दोघी गिरणीत गेल्या होत्या. मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चिमट्यात भाकरी धरली आणि वर्गातला आवाज लावला.

"मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. आता सर्वांनी नीट पाहा."

काडी ओढली. भाकरीनं पेट घेतला. भुरूभुरू! काळा धूर! करपट वास!

"पाहिलंत? हे प्लास्टिक आहे! सिद्ध झालं!"

व्हिडिओ पेठेच्या ग्रुपवर टाकला, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि सासुरवाडीच्याही ग्रुपवर टाकला (तिथं माझी किंमत जरा वाढावी म्हणून). लगेच बाळूचं उत्तर आलं. बाळू माझा जुना विद्यार्थी. 'सर, तुम्ही सांगितलं म्हणजे विषयच संपला! सगळीकडे पाठवतो.' शाळेत असताना बाळूनं गृहपाठ कधी वेळेवर दिला नाही. हे काम मात्र माझा चहा उकळायच्या आत केलं.

संध्याकाळी रजियाभाभी मोबाईल घेऊन आत आली. मागोमाग ही.

"सर, ये हात तुम्हाराच है ना? अंगठी तो तुम्हारी दिखती."

"हो, माझाच," मी खूश होऊन म्हणालो. "कसा झालाय?"

"हात के पीछे क्या है वो देखो जरा."

मी पाहिलं. हाताच्या मागं ओट्यावर पाकिटांची चळत होती. प्रत्येक पाकिटावर लाल अक्षरांत 'सुनंदा-रजिया कडक भाकरी'. जळणारी भाकरी धुरामुळं जराशी अंधूक आली होती. लेबल मात्र स्वच्छ वाचता येत होतं. माझा मोबाईल चांगला आहे.

"अगं, पण मी बाजारातली जाळली!"

"ते व्हिडिओत कुठं सांगितलंय?" हिनं विचारलं.

कुठंच सांगितलं नव्हतं. तेवढ्यात हिचा फोन वाजला. जाधवसाहेब.

"ताई, राग मानू नका. पर सोलापूरच्या एका शास्त्रज्ञाचा व्हिडिओ आलाय आमच्याकडं. पावण्यारावळ्यांचा कार्यक्रम, कुणाला काय झालं तर? भाकरी ऱ्हाऊ द्या."

दुपारी मी निवृत्त शिक्षक होतो, संध्याकाळी शास्त्रज्ञ झालो. दिवेलागणीपर्यंत तोच व्हिडिओ सासुरवाडीकडून मला परत आला, तेव्हा वर लिहिलं होतं, 'प्रयोगशाळेतील धक्कादायक चाचणी.' (प्रयोगशाळा म्हणजे आमचा ओटा. मागं कढईसुद्धा दिसते.) खाली मेव्हण्याचा प्रश्न, 'दाजी, हे खरं आहे का हो?'

तयार भाकरींचे गठ्ठे भिंतीशी रचलेले होते. दोघी पहाटेपासून थापत होत्या, भाभीच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. हिनं देवघरातलं लेबल उचललं, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. मला लई वाईट वाटलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी आत्ता खुलासा लिहितो!" मी मोबाईल उचलला.

"काय पन लिहू नका!" दोघी एकदम ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही म्हणाली, "दोन गठ्ठे घ्या. कुर्डुवाडीला जायचं." माझ्यावरची बंदी नाइलाजानं उठली. गाडीत मी ते गठ्ठे मांडीवर तान्ह्या बाळासारखे धरून बसलो होतो. माढ्याजवळ एकदा शिंक आली, तीसुद्धा परत पाठवली.

जाधवसाहेबांच्या नव्या घराला अजून रंगाचा वास होता. त्यांची आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. जाधवसाहेब मान डोलावत म्हणाले, "ताई, तुमच्यावर भरोसा हाय ओ. पर येवढा मोठा शास्त्रज्ञ खोटं कशाला बोलंल?"

"तो शास्त्रज्ञ म्हणजे हेच," हिनं माझ्याकडं बोट केलं. "आमचे हे."

जाधवसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन्ही हातांत गठ्ठे, घामानं भिजलेला शर्ट, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हे? कशावरनं?"

कालपासून तो व्हिडिओ एवढा फिरला, पण 'कशावरनं' हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. आणि तो नेमका मी खरं सांगायला आलो तेव्हा!

"आवाज माझाच आहे," मी म्हणालो.

"बोला बघू."

"मी तीस वर्षं विज्ञान..." आवाज चोरासारखा आला.

"न्हाय ओ. त्यो आवाज लई दमदार हाय."

मी अंगठी दाखवली. "असली अंगठी आमच्या हापिसात चौघांच्या बोटात हाय," साहेब म्हणाले.

माझा नाद सोडून ही सरळ ओसरीकडं वळली. "आजी, घरची शिळी भाकरी आहे का एखादी? वाळलेली?"

"हाय की. गाईला ठिवलीया."

"द्या इकडं. आणि काडेपेटी पण." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, शाळेत शिकवायचा धडा तुम्ही घरी मोठमोठ्यानं म्हणून बघायचात की! एखादी वस्तू तपासायची तर शेजारी दुसरी खात्रीची ठेवायची, मग दोन्ही ताडून बघायच्या. तुम्ही ठेवली होती का?"

नव्हती ठेवली. तीस वर्षं हा धडा मी शिकवला. ही भाजी चिरता चिरता तो ऐकत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अंगणात गठ्ठ्यातली एक आणि आजींची एक, अशा दोन भाकरी पेटवल्या. आजींची आधी पेटली. भुरूभुरू! काळा धूर! वास तोच!

"आगं बया!" आजी मेथी टाकून उठल्या. "मंग मी काय पलास्टिक थापती व्हय? आन ह्यो? चाळीस वर्सं ताट वडून खातोय की!"

"तसं न्हाय आई..."

"मंग कसं? ज्वारीचं वाळल्यालं धाट जळतंय, मंग भाकरी का जळायची न्हाय? येवढं कळंना व्हय रं, रेल्वेत जाऊन?"

त्यांनी गठ्ठ्यातून एक भाकरी ओढली आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. दात मोजके होते, पण आवाज रस्त्यावर ऐकू गेला. "झ्याक झालीया. तीनशेला काय हुतंय? आनकी शंभर कर गं पोरी." जाधवसाहेबांनी मान खाली घातली आणि मीही घातली.

ऑर्डर परत मिळाली. येताना गाडीत ही पहिल्यांदा हसली. भाभीला फोनवर बातमी सांगताना जरा रडलीसुद्धा. घरी येऊन मी दुसरा व्हिडिओ केला. या वेळी तोंड दाखवून. बाजारातली भाकरी, हिची भाकरी, आमच्या जेवणातली वाळलेली चपाती, तिन्ही जाळून दाखवल्या. मी चुकलो, माफ करा, असं स्पष्ट सांगितलं. मागं काय दिसतंय ते हिनं आणि भाभीनं दोनदा तपासलं. मग तिन्ही ग्रुपवर टाकला. पहिला व्हिडिओ दुबईतल्या भाच्यापर्यंत पोचला होता. दुसरा पेठेच्या वेशीपाशीच बसून राहिला.

रविवारी वास्तुशांत झकास झाली. चारशे भाकरी फस्त! सोमवारी ही नव्या पाकिटांना लेबलं चिकटवत होती, तेव्हा बाळूचा मेसेज आला. मी मोठ्यानं वाचला.

'सर, अजिबात काळजी करू नका! तुमचा चेहरा लावून कुणीतरी एआयचा खोटा व्हिडिओ सोडलाय, भाकरी चांगली आहे म्हणून. आमच्या सरांचं असं चुकणं शक्यच नाही. मी सगळ्या ग्रुपवर सावध केलंय.'

"खात्री तरी केली का त्यानं?" हिनं लेबलावरची नजर न काढता विचारलं.

केली होती. पुढं लिहिलंच होतं त्यानं. 'सर, तुमचा जुना व्हिडिओ शेजारी ठेवला आणि दोन्ही ताडून पाहिले. नव्यात आवाज दमदार नाही.'

तीस वर्षांत माझा एक तरी धडा बाळूनं अगदी नीट करून दाखवला.