सिस्टर आणि हुकलेला सूर्यास्त

कुणी "देव बरं करील" म्हणालं, की सिस्टर इंजेक्शनची सुई वर धरायच्या. "तवर ही घ्या."

कळंबकडच्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. चेअरमन असो की ऊसतोड्या, सगळ्यांना एकाच आवाजात "पालथं व्हा." अशी बाई तुम्हीही कुठंतरी पाहिली असेल. पाहिली असेल, तर तिला घाबरलाही असाल.

एका दुष्काळी वर्षी उसाअभावी गाळप लवकर बंद पडलं आणि कामगारांच्या सोसायटीनं राजस्थानची सहल काढली. मी म्हणालो, "इथं काय वाळवंट कमी हाय व्हय?"

सिस्टर म्हणाल्या, "आपलं फुकटचं हाय, कंपाउंडर. फुकटचं कोण बघतंय? चला."

जैसलमेरच्या पिवळ्या किल्ल्यात गाइड राजांच्या लढाया सांगत होता. सिस्टरनी मध्येच विचारलं, "रानियों की डिलिव्हरी किधर होती थी?" ते काही त्याला पाठ नव्हतं.

खरं आकर्षण होतं वाळूच्या टेकड्यांवरचा सूर्यास्त. जाताना वाटेत चारदोन गोल झोपड्यांच्या वस्तीवर गाणं ऐकायला थांबलो. म्हातारा गवई सारंगीसारखं वाद्य घेऊन बसला. आवाज मोठा खडा. पण दर कडव्याला तो झोपडीकडं बघायचा. आतून कण्हणं ऐकू येत होतं. सिस्टरनी हात वर करून गाणंच थांबवलं. म्हातारा ओशाळला. सून दोन दिवसांपासून अडली होती, आणि पाहुणे आले म्हणून हा गात होता.

सहलीचा म्होरक्या घड्याळ दाखवू लागला. "सिस्टर, सूर्य थांबायचा न्हाय."

"बुडू द्या. त्यो उद्या बी बुडतोय."

बस गेली. मी राहिलो, कारण सिस्टरनी माझी कॉलर धरली होती.

आत शिरता शिरता त्यांनी सासूला आपल्या कळंबी हिंदीत झापलं, "अम्मा, हटो! दो दिन से क्या देखते बैठे?" मी बाहेर चूल पेटवली. म्हाताऱ्यानं न मागता अख्खा माठ पातेल्यात ओतला. आम्ही टँकरच्या गावचे. त्या माठात काय होतं ते मला कळलं.

वाळू तांबूस झाली. माझी पाठ सूर्याकडं आणि डोळे दाराकडं. आत पोरगी ओरडायची, तिच्या वरताण सिस्टर ओरडायच्या. मग दोघीही गप्प झाल्या. मी चुलीत उगाच काटक्या सारत राहिलो. तेवढ्यात चापट वाजली आणि बाळ रडलं.

सिस्टर बाहेर येऊन वाळूत मटकन बसल्या.

"बाळ पायाळू व्हतं. लई भ्याले, कंपाउंडर."

म्हाताऱ्यानं वाद्य उचललं आणि फक्त त्यांच्यासाठी गायला लागला. सिस्टर दुसऱ्या कडव्यालाच घोरू लागल्या. त्यानं गाणं थांबवलं नाही, आवाज तेवढा खाली आणला.

रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत सिस्टर गेल्या. शोकसभेला फोटो हवा होता. दवाखान्यात एकच निघाला, त्या सहलीचा : वाळूची टेकडी, रांगेत उभे आमचे लोक, दोन उंट आणि मागं बुडता सूर्य. सिस्टर त्यात असणार कशा? दुसरा फोटो त्यांच्या घरीही सापडला नाही.

श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले आणि शिपाई हार घेऊन खोळंबला. "घालू कुणाला?"

मागून कुणीतरी म्हणालं, "उंटाला घाल. सिस्टरनी हेच सांगितलं असतं."

सगळे खो खो हसले. हसणं ओसरलं, तरी खाली कुणी बसेना.