सोय कुठंय?

"मावशी, आत्ता आतल्या बाथरूममध्ये तुम्ही गेला होतात का?"

ताईंनी हॉलमधूनच इचारलं. पाहुण्यांसमोर. मी मधल्या पॅसेजमध्ये उभी, ओले हात पदराला पुसत. फ्लशचा आवाज अजून चालूच होता मेला. खोटं बोलायचीबी सोय नाय.

"हो," म्हटलं.

ताईंची वहिनी बेंगळुरूवरून आली होती, ती चहाच्या कपात बघत बसली. ताई उठल्या. ॲसिडची बाटली नि ब्रश आणून माझ्या पायापाशी ठेवला.

"तेवढं परत घासून घ्या. राग मानू नका हं. पण खाली वॉचमनकडे तुमच्यासाठी सोय आहे ना?"

सोय. मी आल्यापासून त्या घरात हाच शब्द चालला होता. जगायला कुठलं राज्य बरं, यावर नणंद-भावजयीची लाडातली भांडणं. वहिनी म्हणे, कर्नाटकात हवा बघा, बागा बघा, काय सोयी आहेत! ताई म्हणे, आमच्या नवी मुंबईसारखे रस्ते दाखव, चोवीस तास पाणी दाखव. मी लादी पुसत होते. मधेच ताईंना माझी आठवण झाली.

"अहो मावशी, तुम्ही पण कर्नाटकच्याच ना, बिदरकडच्या? तुम्ही दोन्हीकडे राहिलात. सांगा बरं, कुठे चांगलं?"

"आता खरी जज मिळाली," वहिनी हसली.

"दोनीकडं राबूनच खायचं, ताई," मी म्हटलं. दोघी हसल्या. मी फडकं पिळलं.

हसू मलाबी आलं असतं, पण पोट दगडासारखं झालं होतं. दिघ्याहून अंधारात निघायचं, जुईनगरला या एकाच सोसायटीत चार घरं करायची, दुपार कलली की परत. एवढ्या वेळात जायचं कुठं? खाली वॉचमनचा एक संडास हाय. दाराला कडी नाय. एक हात दाराला, एक हात साडीला. बाहेर ड्रायव्हर लोक गप्पा मारत उभे. तिथं बसून होतं का काय! म्हणून आमी बाया पाणीच पीत नाय. घोट घेतो, तोंड ओलं करतो, बस. मग जळजळ सुरू होते, ताप येतो. डॉक्टरीण बाई म्हणाली, "भरपूर पाणी प्या." मनात म्हटलं, बाई गं, प्यायला पाणी हाय, सोडायला जागा नाय.

गावाकडं काय वेगळं होतं? आमची वस्ती गावाच्या कडेला, भोवती सगळी पाटलाची जमीन. दिवस उगवायच्या आत बायांनी टमरेल घेऊन जायचं. बांधाला बसलो आणि पाटलाच्या माणसानं बघितलं की दगड यायचा. शिव्या वेगळ्या. आई म्हणायची, "धरून ठेव. बाईच्या जातीला सवय पायजे." ती सवय घेऊनच मी लग्न करून इकडं आले. वाटलं, शहर हाय, इथं घराघरात संडास.

ते खरंच होतं म्हणा. ताईंच्या घरात तीन हायेत. तिन्ही मीच घासते.

त्या दिवशी सोफ्याखाली वाकून पुसताना असं झालं की आता लादीवरच होतंय. इचार केला नाय. आत गेले, कडी लावली. कडी लागली! पांढरीशुभ्र लादी, माझ्याच हातची. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाहेर आले तर पायाशी बाटली.

उचलली मी ती. मुकाट उचलली, ते का लपवू. अंगवळणी पडलेलं. आत गेले, वाकले, भांड्यात हात घातला. आणि हात तिथंच थांबला. म्हटलं, हा हात कोपरापर्यंत आत गेलेला चालतो. तोच हात धुऊन यांची ताटं घासते, ते चालतं. मी नुसती वर बसले तर बाटलं? मग घाण कुठली? यांची का माझी?

राग तर होताच, पण त्याहून जास्त दमले होते. धरून धरून दमले होते.

ब्रश तिथंच टाकला. हॉलमध्ये गेले.

"ताई, मघाशी इचारलं ना, कुठं बरं म्हणून? तिकडं बांधाला बसलं की दगड यायचा. इकडं बाटली आली. फरक एवढाच, तिकडं मला कुणी मावशी म्हणत नव्हतं."

"अहो, तसं नाही, हायजीनचा प्रश्न..."

"ब्रश आत हाय. घासायचं तर तुमी घासा."

चपला घातल्या, जिना उतरले. घर सुटलं. सोसायटीत बोभाटा झाला, आणखी एक सुटलं. शेजारीण म्हणाली, "अगं, तोंड आवर. असली मिजास आपल्याला परवडते का?" नाय परवडत. मला ठाव हाय. रात्री पाय चेपताना मलाबी ते कळतं.

परवा पुढच्या सोसायटीत नवीन घर बघायला गेले. त्या बाईनं सगळं इचारलं. येणार किती वाजता, खाडे किती, फोन लागतो का. मी एकच इचारलं, दारातच.

"ताई, माझी सोय कुठंय?"

"खाली आहे ना," ती म्हणाली.

मी चपला काढल्याच नव्हत्या. तशीच फिरले.

आता हे असंच. जिथं मला बसू देणार नाय, तिथला संडास मी घासणार नाय. एक घर मिळेल, नायतर एकबी नाय मिळणार. महाराष्ट्र असो का कर्नाटक. नाय घासणार.