शिरूरला गाडी येत नाही

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या दौंडच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीला ठाऊक आहे. लग्नात भात कच्चा राहिला तर आचाऱ्याच्या आधी यजमानाला जाऊन मी सांगते. म्हणूनच मामांना सांगायचं काम माझ्यावर आलं, आन् आयुष्यात पहिल्यांदा माझी दातखीळ बसली.

आम्ही चौघं देवाची गाणी गातो. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. सगळ्यात वरचा आवाज मामींचा, त्याखाली माझा, माझ्याखाली आमच्या टेनरचा, म्हणजे पुरुषांतला वरचा. हा टेनर कॉलनीतच वाढलेला, आता दोन लेकरांचा बाप, रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. आन् तळाशी माझ्या सख्ख्या मामांचा खर्ज. मामा मालगाडीवर गार्ड होते. हे मंडळ त्यांनीच उभं केलं. वहीत प्रत्येकाचा सूर वेगळा लिहून, एकेकाला घरी बसवून शिकवला. चुकलं की पट्टीनं टेबल वाजवायचे, पण आवाज कधी चढवला नाही. लग्नं झाली, नाताळच्या फेऱ्या झाल्या, नगरपर्यंत संमेलनं झाली. दौंडात कुणा ख्रिस्ती माणसाला आमच्या गाण्याशिवाय माती दिली गेली, असं मला आठवत नाही.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, यार्डाला खेटून आहे. कॉलनीत गाडी म्हणजे रेल्वेच, बाकी सगळ्या जीपा आन् मोटारी. उपासना चालू असताना मालगाडी आली की पाळकसाहेबसुद्धा प्रवचन थांबवतात. आम्ही थांबत नाही. मामांचा नियमच होता, गाडीशी भांडायचं न्हाई, तिला जाऊ द्यायचं. गाडी आली की शेजारच्याचा हात धरायचा, आवाज एकदम बारीक करायचा आन् ताल हाताच्या दाबावर चालवायचा. एकमेकांचं काही म्हणता काही ऐकू येत नाही. शेवटचा डबा गेला की चौघंही एकाच शब्दावर, एकाच सुरात बाहेर. नवखे पाहुणे तोंडात बोट घालायचे. आम्हाला ती सवयच होऊन गेली होती.

गाण्याआधी मामा सूर द्यायचे. त्यांच्याकडे पोलादाचा दोन दातांचा काटा होता. गुडघ्यावर आपटून तो कानाशी धरायचा, की तो एकच स्वर घुमतो. त्यावरून चौघांचे चार सूर काढायचे. मागच्या वर्षी केव्हातरी माझ्या लक्षात आलं, मामा काटा कानाशी धरत नाहीत. त्याची दांडी दातांत धरतात. विचारलं तर म्हणाले, जुन्या लोकांची पद्धत हाय. मी मान डोलावली. ते सूर अचूक द्यायचे, पण गाणं सुरू झालं की पहिल्या कडव्यातच हळूहळू खाली घसरायचे. हाडातून त्यांना काटा कळत होता, आमचे आवाज कळत नव्हते. इंजिनांचे भोंगे आन् गार्डाचा डबा, सगळा जन्म त्यात गेलेला. कान गेले होते. आन् ते कुणाला कळू नये म्हणून माणूस जिवाचा आटापिटा करत होता. आम्ही बोलताना ते आमच्या ओठांकडे बघायचे. मामींना सगळं माहीत होतं, पण त्या मूग गिळून गप्प.

त्यात शिरूरच्या मंडळीचं बोलावणं आलं, हंगामाच्या सणाला, नवं पीक देवापुढं वाहतात त्या दिवशी. तिथली पोरं गाणं रेकॉर्ड करून मोबाइलवर सगळीकडे पाठवणार होती. इतक्या वर्षांत आमचं एकही गाणं कुठं उतरवलेलं नव्हतं. मामा हरखले. पांढरा सदरा परीटघडीचा करून आणला, रोज सरावाला सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले.

गुरुवारी सराव संपल्यावर टेनरनं मला देवळाबाहेर गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "ताई, मामा गायला उभं राहिलं तर मी येत न्हाई. त्यांनीच मला सूर शिकवला. त्यांचा असा आवाज जगानं कायमचा ऐकायचा, हे मला बघवणार न्हाई. तू भाची हायेस, तू सांग."

अवघड जागेचं दुखणं आन् जावई डॉक्टर, तसली गत. पण तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

शुक्रवारी मामांकडे गेले तर ते सदऱ्याचं बटण शिवत होते. शनिवारी गेले तर मामींनी दारातच माझा दंड धरला आन् नुसती मान हलवली. परत फिरले. रविवारी सकाळी जीपमध्ये मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. वाटेतलं न्हावरा मागे पडलं तरी मला तोंड फुटेना. मामा खिडकीतून उसाकडे बघत बोटांनी गुडघ्यावर ताल धरून होते. शिरूर आलं आन् सांगायचं राहूनच गेलं.

टेनर रात्रपाळी करून मोटारसायकलवर परस्पर आला होता, देवळाच्या दारात उभा. त्यानं नजरेनं विचारलं, सांगितलंस? मी मान खाली घातली. मला वाटलं हा आता मोटारसायकलला किक मारून जातो. पण तेवढ्यात मामांनी त्याच्या पाठीवर हात टाकला आन् त्याला आत घेऊन गेले.

वेदीपुढे भोपळे, कणसं, कांद्याच्या माळा, झेंडू, सगळं रचलेलं. आम्ही उभे राहिलो. एक पोरगी मोबाइल तिवईवर लावून समोर बसली. मामांनी काटा गुडघ्यावर मारला, दातांत धरला, सूर दिला. अगदी बरोबर.

पहिलं कडवं निम्मं झालं आन् ते घसरू लागले. मामी त्यांच्याबरोबर खाली ओढल्या जात होत्या, टेनर मानेच्या शिरा ताणून वर धरत होता. मधे मी. माझा सूर कुठला तेच मला कळेना. पुढच्या बाकावरच्या बाईनं शेजारणीकडे बघितलं. मामांचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर नुसता आनंद. काय करावं सुचेना, नि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाला मी मामांचा हात धरला.

मी ठरवून नाही केलं. कुणाचं काही ऐकू येईनासं झालं की हात धरायचा, एवढंच अंगात मुरलेलं. हातानं तेच केलं.

मामांनी डोळे उघडले. सवयीनं आधी खिडकीकडे बघितलं, आमच्या देवळात ज्या बाजूला यार्ड असतं तिकडे. तिथं लिंबाचं झाड होतं आन् उन्हात लावलेल्या मोटारसायकली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आन् आवाज बारीक करत करत तोंड मिटून घेतलं. हात मात्र सोडला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत तालाचा दाब बरोबर देत राहिले. आम्ही तिघं सुरात बाहेर आलो. ते आलेच नाहीत.

जेवणाच्या पंगती अंगणात बसल्या. मामा पायरीवर एकटे. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "शिरूरला गाडी कवापासून यायला लागली गं?"

मी हळूच म्हणाले, न्हाई येत. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा तेच म्हणाले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, आन् माझे ओठ इतके थरथरत होते की त्यावरूनही त्यांना काही कळेना. माझा तोल गेला. स्वतःवरच्या सगळ्या रागानं मी ओरडले, "तुम्हाला ऐकू येत न्हाई, मामा! सगळ्यांना म्हाईत हाय!"

वाढपी भाताची बादली घेऊन जागच्या जागी उभा. टेनरच्या हातातला घास तसाच राहिला.

मामांनी शांतपणे माझ्या हातातलं ताट घेतलं.

"ओरडतीस कशाला," ते म्हणाले. "मला हातातच कळलं हुतं."

जेवल्यावर त्यांनी टेनरला बोलावलं आन् काटा त्याच्या हातात दिला. म्हणाले, कानाशी धरायचा, दातांत न्हाई. टेनर मोटारसायकलला टेकून हमसून हमसून रडला. मी रडले नाही. चार दिवसांत एकदा धीर करून त्यांच्या घरात, चार भिंतींत सांगितलं असतं तर एवढं ओरडावं लागलं नसतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

परतताना दौंडच्या अलीकडे फाटक लागलं. मालगाडी होती, लांबलचक. जीप थरथरायला लागली तसा माझा हात आपसूक मामांकडे गेला. त्यांनी बघितलं, आन् आपले दोन्ही हात मांडीवर घट्ट जुळवून घेतले. शेवटचा डबा जाईपर्यंत मी माझा हात पदराखाली धरून बसले.