काहिलीभोवती तिघं शिकलेले

शाळेत मी दोन यत्ता गेलो, तरी युनिव्हर्सिटीतले तिघं एकदा माझ्याकडं शिकायला आले होते. खोटं सांगत नाही. स्वातंत्र्य आलं त्याच्या आसपासची गोष्ट.

उंब्रजजवळ आमचं गुऱ्हाळ. त्या दिवशी मी पहिल्यांदाच गुळव्या म्हणून उभा होतो. उसाचा रस काहिलीत आटवायचा आणि नेमक्या वेळेला उतरवायचा, हे गुळव्याचं काम. वडलांनी बजावलं होतं, "काहील करपली तर उद्यापासनं खुरपं धरायचं. सांगून ठेवतो."

तर हे तिघं. एक इंजिनियर, त्यानं रसात लांबलचक थर्मामीटर सोडलेला. दुसरा भाषेचा, आम्ही बोलतो ते वहीत उतरवायचा. तिसरा कारभाराचा अभ्यास करणारा, कामावर कोण कुणाला हुकूम देतो ते लिहायचा. ह्याचा पगार मिळतो म्हणे.

पाहुण्यानं विचारलं तर उत्तर द्यायलाच पाहिजे. एक म्हणे चुलवाणाचं तोंड किती रुंद, दुसरा म्हणे ह्या फेसाला काय म्हणता, तिसरा म्हणे तुमच्या वरचा कोण. मी तिघांकडं मान फिरवत बसलो आणि काहिलीकडं पाठ झाली.

चुलवाणात चिपाडं सारायला आमची कारभारीण होती. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं. वडील तिथंच उभे, आणि सासऱ्यापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती पदराआडनं ओरडली, "आवं, उतरा की आता. पाकाचा आवाज घोगरा झालाय."

गडी माझ्याकडं बघायलासुद्धा थांबले नाहीत. काहील खाली. गूळ पिवळाधमक पडला.

इंजिनियरनं आकडा लिहिला. भाषेवाल्यानं 'घोगरा' लिहिलं. वडलांनी तिसऱ्याला विचारलं, "तुमी काय लिवलं?"

तो चाचरला. "हुकूम सूनबाईंचा, असं लिहिलंय."

वडलांनी सुनेकडं बघितलं. मग म्हणाले, "बराबर हाय. खोडू नगा." आणि मला, "तू ऱ्हा रं गुळव्या. पर कान तिचा घे."

पुढं सगळी वर्षं मी डोळ्यानं बघायचो, ती कानानं. ती जाऊन आता सात महिने झाले. सून म्हणते, मामा, चहा मी करते. मी ऐकत नाही. शेगडीपाशी कान लावून उभा राहतो. रोज उतू जातो.

भाषेवाल्यानं तिचा शब्द तेवढा लिहिला. ती बोलायची कशी, ते लिहायचं राहिलं गड्याचं.