ओढ उरलेला रेणू

प्राध्यापक यशवंत थूल सरांची आणि माझी ओळख झाली ती वाटीभर पाण्यावरून. कळंबच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं तर खिडकीपाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ कापसाचं फुटलेलं बोंड हातात धरून उभे. समोर टेबलावर पाण्याने भरलेली स्टीलची वाटी. माझं नाव-गाव विचारणं राहिलं बाजूला. त्यांनी विचारलं, हा कापूस पाण्यात टाकला तर काय होईल? मी म्हटलं, भिजेल आणि बुडेल, दुसरं काय होणार. त्यांनी सरकी काढली आणि कापसाचा पुंजका अलगद पाण्यावर ठेवला. तो ऐटीत तरंगत राहिला. बोटाने खाली दाबला तरी वर आला, आणि जवळजवळ कोरडाच. मग त्यांनी खिशातून औषधाच्या दुकानातला कापूस काढून टाकला. तो बघता बघता तळाशी गेला.

दोन्ही कापूसच, मग असं का? हे मात्र सरांनी सांगितलं नाही. सापडलं की सांगा, एवढं बोलून ते तासाला निघून गेले. काय विक्षिप्त माणूस आहे, असं मी मनात म्हटलं. खरं तर मला स्वतःचाच राग आला होता. जन्म गेला कापसाच्या मुलखात, घरात, दारात, गाड्यांवर कापूसच कापूस, आणि तो पाण्यावर तरंगतो हे मला ठाऊक नसावं! सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मराठीच्या बाईने रसायनशास्त्राच्या सरांबद्दल काय लिहावं, असं काहींना वाटेल. त्यांनी ती वाटी तेवढी ध्यानात ठेवावी.

सरांच्या शिकवण्याबद्दल त्यांचे विद्यार्थी या ग्रंथात लिहितीलच. मी सांगते ती शेजारच्या वर्गातून ऐकलेली गोष्ट. आमच्या दोन वर्गांमध्ये एकच भिंत होती आणि तीही नावालाच. त्या भिंतीतून दिवसभर एक शब्द ऐकू यायचा, 'कशावरून?' मुलाने उत्तर चुकीचं दिलं तरी कशावरून, बरोबर दिलं तरी कशावरून. शाबासकी नाही, रागावणं नाही. सुरुवातीला मुलं वैतागायची. पुढे पुढे तीच मुलं मधल्या सुट्टीत डबा उघडताना एकमेकांना म्हणायची, भाजी चांगली झाली म्हणतोस, कशावरून?

ज्या प्रसंगाने मी सरांची कायमची चाहती झाले, तो सांगते. अकरावीच्या चाचणीत सरांनी रेणूंच्या ध्रुवीयतेवर प्रश्न विचारला होता. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीतून झेपत नाही, म्हणून चाचणीपुरती मराठीत उत्तरं लिहायची सरांची सवलत असे. सुनंदा मडावी नावाच्या मुलीने लिहिलं होतं, 'ध्रुवीय रेणू म्हणजे जागचा न हलणारा रेणू. उदाहरण, बर्फ.' सर तो पेपर घेऊन माझ्याकडे आले. चेहरा असा खुललेला, की मला वाटलं पोरीला पैकीच्या पैकी मिळाले.

"बघा, किती विचार करून चुकली आहे," ते म्हणाले.

ध्रुव म्हणजे अढळ, हा अर्थ तिला माझ्याच तासाला मिळाला होता, आणि तो अर्थ बरोबर आहे. मी आजही माघार घेणार नाही. पण सरांना गंमत वेगळीच वाटत होती. उदाहरण बरोबर, कारण चूक. पाणी ध्रुवीय असतं, बर्फही असतो, पण तो हलत नाही म्हणून नव्हे. ज्या शब्दाने समजावं त्याच शब्दाने पोर आडरानात शिरली, तर शब्द कुठे कमी पडला, हे त्यांना शोधायचं होतं.

ते शोधायच्या आतच सुनंदाचे वडील कॉलेजात येऊन उभे राहिले. कला शाखेचे प्रवेश माझ्याकडे होते, म्हणून ते थेट माझ्या टेबलाशी आले. मागे सुनंदा, मान खाली. राळेगावकडच्या खेड्यातून ती रोज एसटीने यायची. तिच्या गावातून विज्ञानाला आलेली ती पहिलीच मुलगी.

"मॅडम, पोरीले सायन्स झेपून नाही राह्यलं," वडील म्हणाले. "आर्ट्समधी टाका. आर्ट्स तं घरी बसूनही होते."

माझ्या शाखेची ही किंमत ऐकून माझा पारा चढला होता, पण तो गिळावा लागला, कारण वाक्याचा खरा अर्थ माझ्या लक्षात आला. प्रश्न सायन्स की आर्ट्स हा नव्हताच. आज ही मुलगी शाखा बदलून गेली, की उद्यापासून एसटीत दिसणार नव्हती. सुनंदालाही ते ठाऊक होतं. तिने एकदा पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या सरांकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

सर उठून आले, पण त्यांनी वडिलांना काही समजावलं नाही. शिक्षणाचं महत्त्व नाही, मुलींची प्रगती नाही. ते फक्त म्हणाले, भाऊ, एक तास द्या, मग खुशाल घेऊन जा. आणि आम्हा तिघांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. दोर शोधला, मिळाला नाही. मग सुनंदाच्या मैत्रिणींकडून दोन ओढण्या आणवल्या.

सुनंदाला त्यांनी मधोमध उभं केलं आणि दोन्ही हातांत एकेका ओढणीचं टोक दिलं. ती कार्बन. एका बाजूचं टोक सरांनी स्वतः धरलं, ते ऑक्सिजन. दुसऱ्या टोकासाठी इकडेतिकडे पाहिलं आणि ते वडिलांच्या हातात दिलं. भाऊ, तुम्हीपण ऑक्सिजन, ओढा. वडील ओशाळले, पोरीला ओढायचं कसं? पण सर थांबायला तयार नव्हते. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. सुनंदा हात फाकून मधे ताठ उभी, जागची हलेना.

"ओढ आहे का?" सरांनी विचारलं.

"हाये ना सर. हात दुखून राह्यले."

"मग हलली काहून नाही?"

ती दोन्ही हातांतल्या ओढण्यांकडे पाहू लागली. मग सरांनी वडिलांना आपल्या बाजूला यायला सांगितलं. अगदी शेजारी नव्हे, जरा अंतर ठेवून, कोन करून. पुन्हा दोघांनी ओढलं, तशी सुनंदा झोकांडी खात पुढे आली. ती हसली, आणि हसताहसताच थांबली. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो.

"सर, आधी तुमच्या दोघायची ओढ एकमेकात फिटली," ती म्हणाली. "आता ती उरली."

सरांनी ओढणी खाली ठेवली. एरवी ते 'कशावरून' म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले नाहीत. मग फळ्यावर त्यांनी तिच्याच शब्दांत सगळं मांडलं. बंधातले इलेक्ट्रॉन प्रत्येक अणू आपल्याकडे ओढतो. कोणाची ओढ जास्त, कोणाची कमी. कार्बन डायऑक्साइड सरळ रेषेत, म्हणून दोन्हीकडची ओढ फिटते. पाण्याच्या रेणूत ओढणारा ऑक्सिजन मधे आहे, पण रेणू वाकडा, म्हणून ओढ एका अंगाला उरते. ऑक्सिजनची बाजू जराशी ऋण, हायड्रोजनची जराशी धन. अशी दोन टोकं ज्याला आहेत तो ध्रुवीय. इथला ध्रुव आकाशातला नाही, पृथ्वीला असतो तसला, टोकाचा. मीसुद्धा वहीशिवाय, पुस्तकाशिवाय, उभ्या उभ्या हे शिकले.

वडील अजून ओढणी हातात धरून उभे होते. त्यांनी तिची नीट घडी केली, लेकीच्या हातात दिली आणि सरांना म्हणाले, "मंग सर, आपण एकाच बाजूनं ओढू."

दुसऱ्या दिवशी सुनंदा एसटीतून उतरताना मी पाहिली. वडिलांच्याच हाती ओढणी द्यायची, हे मुद्दाम केलंत ना, असं मी सरांना नंतर विचारलं. छे, म्हणाले, तिसरं माणूसच नव्हतं. तुम्ही मराठीच्या, तुम्हाला ऑक्सिजन करून काय फायदा? मी त्यांच्याशी त्यानंतर दिवसभर बोलले नाही.

पण त्याच आठवड्यात मला वाटीतलं कोडं सुटलं. शेतातल्या कापसावर मेणाचा पातळ थर असणार. मेण जवळजवळ सगळं कार्बन-हायड्रोजनचं, त्यांच्या ओढीत फारसा फरक नाही, म्हणून ओढ उरत नाही. पाण्याला धरायला काही सापडतच नाही. औषधी कापसाचं मेण काढलेलं असतं आणि आतला तंतू ध्रुवीय, म्हणून पाणी त्याला बिलगतं. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "कशावरून?" मग मी घरी धुण्याच्या सोड्यात कापूस उकळला. पहिल्यांदा तरंगला. पुन्हा भरपूर उकळला, धुतला, वाळवला, तेव्हा बुडाला. त्या आनंदाची सर माझ्या कुठल्याही पदवीला नाही.

सरांच्या स्नेहाबद्दल एवढंच सांगते. माझे यजमान यवतमाळच्या दवाखान्यात होते तेव्हा सरांनी न सांगता माझे मराठीचे तास घेतले. मी परत आले तर फळ्यावर ओढ, ओढा, ओढाताण, ओढाळ, ओढवणे अशी शब्दांची रांग, आणि यांतले कोण एका घरचे, यावर मुलांचं भांडण जुंपलेलं. पुढचा महिनाभर ती मुलं मला प्रत्येक अर्थाला 'कशावरून' विचारत होती. सरांचे उपकार असे फेडावे लागतात.

सुनंदा आता पांढरकवड्याच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या वर्गातली बरीच मुलं घरी कोलामी बोलतात. परवा शाळेतूनच तिचा फोन आला तेव्हा सर माझ्याकडेच चहाला आले होते. मी फोन त्यांच्या हाती दिला. तिने तब्येत विचारली. सरांनी तब्येत सांगितलीच नाही. उलट विचारलं, तुझ्या पोरांच्या भाषेत ओढीला काय म्हणतात? पलीकडून वर्गच्या वर्ग ओरडून सांगू लागला. सरांना उच्चार जमेना, पोरं हसून बेजार. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेले, पंचाहत्तरीतले हे गृहस्थ कानाला फोन लावून तो एक शब्द पुन्हा पुन्हा घोकत बसले, आणि चहा गार झाला.

आदरणीय थूल सरांना निरोगी, आनंदी, उदंड आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. सर शंभरी गाठतील, याबद्दल मला शंका नाही. हे वाक्य वाचून ते चष्मा वर सरकवतील आणि विचारतील, कशावरून? तर सर, तुमची ओढ अजून फिटलेली नाही, यावरून.